कोंबडीला पाय दोनच

मॅनेजर हे काही त्याचं पद नव्हतं. घरातल्यांनी चिडवायला ठेवलेलं नाव होतं ते. ताईच्या तळलेल्या चिकनच्या दुकानात तो गल्ल्यावर बसायचा, आणि बसायचा म्हणजे अगदी मन लावून बसायचा. कोंबड्या कापणं, मसाला लावणं, तळणं, भांडी घासणं, यांतल्या कशालाही बावीस वर्षांत त्याचा हात लागला नव्हता. त्याचं काम बोलणं. मेहुणे हयात असताना एकदा म्हणाले, "काय मॅनेजर, घसा शाबूत आहे ना?" झालं, तेव्हापासून तो मॅनेजर. दुसऱ्या कुणाला राग आला असता. यानं व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं.

दुकान तसं लहानसंच. पुढे गल्ला, मागच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी, आणि खिडकीपलीकडे कढईसमोर पाठमोरी उभी ताई. गिऱ्हाईक आलं की फक्त किती माणसांचं ते सांगायचं. "चार जणांचं!" अशी मॅनेजर आरोळी ठोकायचा, आणि ताई ताजं तळायला घ्यायची. कुठला तुकडा हवा हे कुणी सांगायचं नाही. ते ताई ठरवायची. कवळी बसवलेल्या मास्तरांना हाड काढलेलं मऊ मांस. भांडून आलेल्या नवराबायकोला दोन तंगड्या, म्हणजे निदान त्यावरून तरी नवं भांडण नको. परीक्षा चालू असलेल्या मुलांच्या पुडीत एखादा तुकडा वरचा. "ताईंना बरोबर कळतं," असं सगळं गाव म्हणायचं. मॅनेजरला मात्र वाटायचं, कळतंय कसलं डोंबल! हाताला येईल ते टाकते आणि लोक देवाचा प्रसाद असल्यासारखं घेऊन जातात.

तळून व्हायला पंधरा मिनिटं लागत. ती पंधरा मिनिटं मॅनेजरची. त्यात तो स्वतःच्या गुडघ्यापासून सुरुवात करायचा, मग नळाच्या पाण्यावर यायचा, तिथून बायकोच्या घोरण्यावर, आणि पुडी हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक हसून हसून बेजार. लोक येतात ते आपल्यासाठी, चिकन हे नुसतं निमित्त, अशी त्याची पक्की खात्री होती. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. म्हणजे बायको, भाची, शेजारचा चाव्या बनवणारा आणि बसस्टॉपवर भेटणारी माणसं सोडून कुणाला दाखवत नसे.

अशात एक दिवस मोठ्या शहरातला कुणी प्रवासी दुकानात जेवला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "आमच्याकडे असं मिळत नाही हो!" आता भरल्या तोंडानं माणूस काय वाटेल ते बोलतो. पण मॅनेजरनं ते मनावर घेतलं. आठवड्याभरात त्यानं घरात जाहीर केलं की शहरात शाखा काढायची.

ताई पीठ चाळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"जा बाबा," ती म्हणाली. "मसाला मी इथून पाठवीन. पण गल्ला काही मी रिकामा ठेवणार नाही. पोरीला बसवते."

पोरगी म्हणजे तिची मुलगी, मॅनेजरची भाची. शिक्षण संपवून घरी बसलेली, कामाला चटपटीत, बोलायला मोजून चार शब्द.

"बसव की," मॅनेजर म्हणाला. "आठ दिवसांत लोक विचारायला लागतील, मॅनेजर कुठे, मॅनेजर कुठे. तेव्हा मला फोन करू नकोस म्हणजे झालं."

शहरातलं दुकान झोकात होतं. काचेचं दार, एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान, समोर व्यायामशाळा. बायकोच्या मावसभावानं एक सल्लागार गाठून दिला होता. तो लॅपटॉप उघडून म्हणाला, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. शहरात लोकांना निवड लागते आणि लोकांकडे वेळ नसतो. तेव्हा काय काय आहे ते फलकावर लिहा, प्रत्येकाला हवा तो तुकडा द्या, आणि काउंटरवर बोलू नका."

बोलू नका! हे ऐकून मॅनेजरनं उठून चालायला लागायला हवं होतं. पण लॅपटॉप उघडून कुणी काही सांगितलं की त्याचं शहाणपण गुंडाळलं जातं, हा त्याचा जुना आजार. त्यानं फलक लावला, नंबर छापणारं यंत्र आणलं, तळलेलं गरम ठेवायला दिवे लावलेलं काचेचं कपाट आणलं, आणि तोंडाला कुलूप घातलं. आयुष्यभर एकच धंदा जमलेला माणूस तो एक धंदा सोडून बाकी सगळं करायला सज्ज झाला.

पहिल्या दिवसासाठी आदल्या दिवशीच चाळीस कोंबड्या आणल्या. तिथं ठेवलेला आचारी हाताखालचा माणूस म्हणून चांगला होता. एका कोंबडीचे आठ तुकडे, सगळे सारखे, ताईचा मसाला लावून रात्रभर मुरवलेले. अकराला दार उघडलं आणि रांग लागली. मॅनेजरनं बायकोला कोपरानं ढोसलं. रांग भराभर सरकत होती. "लेगपीस दोन." "लेगपीस चार." "सहा लेगपीस, पार्सल." मॅनेजर मुकाट्यानं बटणं दाबत होता आणि मनातल्या मनात तिसऱ्या शाखेसाठी शहर निवडत होता.

पाऊण वाजता आचारी बाहेर आला. "मालक, लेगपीस खलास."

"मग दुसरं दे."

"दुसरं कुणी मागतंय कुठे?"

मॅनेजरनं काचेच्या कपाटात पाहिलं. छात्या, मांड्या आणि पंख यांची रास लागली होती, दिव्यांखाली चकाकत होती, आणि रांगेतली माणसं तिच्याकडे बघून परत चालली होती. त्याला स्वतःला छातीचा तुकडा आवडायचा. जगाला दुसरं काही आवडत असेल हे बावीस वर्षांत त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण बावीस वर्षांत त्याच्यासमोर कुणी निवडलंच नव्हतं. त्यानं ताईला फोन लावला.

"ताई, घोटाळा झालाय."

"तेल?"

"नाही."

"मसाला खारट झाला?"

"नाही गं. लेगपीस संपले. बाकीचे दोनशे चाळीस तुकडे तसेच पडलेत. अगं, कोंबडीला पायच दोन असतात!"

पलीकडे ताई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, भाचीनं पाणी आणून दिलं, तेही फोनवर ऐकू आलं.

"हे तुला आज कळलं?" ती म्हणाली.

"तुझ्याकडे कसं सगळं संपतं?"

"मी कुणाला विचारते का, काय पाहिजे म्हणून? मी देते."

"पण कुणाला काय द्यायचं ते ठरवतेस कसं?"

"कळतं," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिची कढई तापली होती.

पुढचे दिवस मॅनेजर आणि त्याची बायको नाश्त्याला पंख, जेवायला मांडी आणि चहाबरोबर छाती खात राहिले. "मला आता पंख फुटणार," बायको म्हणाली. "फुटले की आधी माहेरी उडून जाईन." त्यानं नुसत्या तंगड्या मागवून पाहिल्या. त्या आल्या बर्फातल्या, आणि ताईचा मसाला काही केल्या त्यांच्या अंगी लागेना. आचाऱ्यानं एक खाऊन पाहिली आणि पाणी प्यायला गेला.

शेवटी मॅनेजरनं फलक उतरवला आणि ताईची पद्धत सुरू केली. आता तुकडे तो ठरवणार! त्यासाठी काय लागतं? दोन प्रश्न. ते तर कुणीही विचारेल.

"घरी किती जण?" त्यानं पहिल्याच बाईंना विचारलं.

"तुम्ही जनगणनेचे का?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या एका तरुणानं "एकटाच" असं सांगितलं. मॅनेजरला हुरूप आला. "का हो? लग्न नाही झालं, की बायको माहेरी?" तरुणानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तो बाजूच्या दुकानात औषधं घ्यायला निघून गेला. एका आजोबांना त्यानं दातांबद्दल विचारलं. आजोबांनी सगळे बत्तीस दात दाखवले आणि तक्रारवही मागितली. समोरच्या व्यायामशाळेतून एक पहिलवान आला, त्याला मॅनेजरनं अंदाजानं मान आणि पंख बांधून दिले. शहरात फक्त छातीचा तुकडा खाणारा एकच वर्ग होता, तो रोज समोरच घाम गाळत होता, आणि त्यालाच यानं मान दिली होती. यापुढे मॅनेजरनं स्वतःच्या अकलेबद्दल कुणापाशी काही बोलायचं नाही असं ठरवलं. ते दोन दिवस टिकलं.

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्यानं भाचीला फोन केला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाला, "काय गं, लोक विचारतात का?"

"काय?"

"माझ्याबद्दल."

"हो, विचारलं ना मामा. पहिल्या दिवशी दोघांनी विचारलं."

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली. चिठ्ठी आत देते, लोक तेवढ्यात बाजार करून येतात. रांग आता भरभर सरकते. कुणी ताटकळत नाही."

भाची बिचारी खरं तेच सांगत होती, आणि तेच त्याला झोंबलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ नंबरच्या यंत्राशी चाळा करत राहिला. हे दुकान चालत नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. बंद करावं, तर जायचं कुठे? गावातल्या गल्ल्यावर भाची बसली होती, दुकान त्याच्यावाचून सुरळीत चाललं होतं, उलट जास्तच सुरळीत. बावीस वर्षं आपण दुकानाची शोभा आहोत असं समजत होतो, आणि होतो कोण? तर रांगेतला अडथळा! "चला ना घरी जाऊ," बायको म्हणायची. तो नंबरच्या यंत्रात कागद भरायला घ्यायचा. घरी तर जाता आलं असतं, पण तिथं जाऊन आपण करणार काय, हे त्याला उमगत नव्हतं, आणि ते बायकोला सांगायची लाज वाटत होती.

त्रेपन्नाव्या दिवशी, भर दुपारी, काचेचं दार ढकलून ताई आत आली. हातात एक कापडी पिशवी, अंगावर नेहमीची सुती साडी, चेहरा प्रवासानं सुकलेला. तिनं येणार म्हणून कळवलंही नव्हतं.

"अगं, दुकान?" मॅनेजर उडालाच.

"आज बंद ठेवलंय."

ताईनं दुकान बंद ठेवलं, यावर त्याचा विश्वासच बसेना. मेहुणे गेले तेव्हाचे चौदा दिवस सोडले तर दुकान कधी बंद राहिलं नव्हतं. त्यानं तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, बायकोला हाक मारली. ती भाजी आणायला गेली होती. ताई उठून आत गेली, तेल पाहिलं, मसाल्याचा डबा हुंगला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"चव माझीच आहे," ती म्हणाली.

मॅनेजर हिरमुसला. चवीतच खोट निघाली असती तर किती बरं झालं असतं! आचाऱ्यावर ढकलता आलं असतं.

आचाऱ्याला तिनं जेवायला पाठवलं आणि भावासमोर स्टुलावर बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. ताई अशी नुसती बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. ती एकतर तळत असायची, नाहीतर चाळत असायची.

"माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "आपल्या शिवणवाल्या बाई नाहीत का, दर शनिवारी येणाऱ्या? दोघांचं नेणाऱ्या?"

"नवरा नुसत्या तंगड्या खातो, त्या?"

"त्याच. परवा शनिवारी आल्या. दोघांचं सांगितलं. पोरीनं चिठ्ठी आत सरकवली. मी आवाज ओळखून नेहमीसारख्या दोन तंगड्या घातल्या, आणि वर खिडकीतून ओरडले, साहेबांना सांगा, आज तंगड्या मोठ्या आहेत म्हणून." ताईनं बंद सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "त्या बरं म्हणाल्या आणि पुडी घेऊन गेल्या. मला मागून कळलं, ते वारले रे. बारा दिवस झाले होते. बाईंची बहीण राहायला आलीय, म्हणून दोघांचं."

त्या गृहस्थांना मॅनेजर ओळखत होता. गुडघेदुखीवर त्यांनी त्याला एक तेल सुचवलं होतं.

"तुला काय माहीत ताई," तो म्हणाला. "पोरीलाही माहीत नव्हतं. यात कुणाची चूक?"

"तू असतास तर मला कळलं असतं."

"मी? मी काय केलं असतं?"

"तू काही केलं नसतंस. तू तुझ्या गुडघ्याचं रडगाणं सुरू केलं असतंस. मग त्यांनी त्यांचं सांगितलं असतं. आणि मी आत ऐकलं असतं."

मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिला.

"असा बघू नकोस. मला काय दिव्यदृष्टी आहे? कढईकडे तोंड करून उभी असते मी, एकाचंही तोंड मला दिसत नाही. मास्तरांनी कवळी बसवली, कोण भांडून आलं, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, हे सगळं मला कुठून कळायचं? ते तुला सांगायचे, मी ऐकायची."

"बावीस वर्षं?"

"मग काय करणार? तू गप्प बसत नाहीस, आणि कानाला काही झाकण नसतं."

"अगं, मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम चौकशा करायला लागला असतास. चौकशी केली की लोक गप्प होतात. तू स्वतःचंच चऱ्हाट वळायचास, म्हणून तर ते बोलायचे."

जनगणनेच्या बाई, बत्तीस दातांचे आजोबा, औषधाच्या दुकानात पळालेला तरुण, सगळे मॅनेजरच्या डोळ्यांसमोर ओळीनं उभे राहिले. त्याचे कान तापले. आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्यानं उगाचच काउंटर पुसायला घेतला. कुणाचा तरी नवरा गेला, एका बाईच्या काळजाला घरं पडली, आणि आपण इथं मनातल्या मनात उड्या मारतोय! स्वतःचीच शरम वाटली त्याला. पण आनंद काही कमी होईना.

"पोरगी काम चोख करते," ताई म्हणाली. "पण लोक येतात, घेतात, जातात. मला आत काही कळत नाही. आंधळ्यासारखी तळते मी. चार दिवसांपूर्वी मास्तर आलेत हे कळलंच नाही आणि त्यांना बरगड्या दिल्या. तेव्हा मी म्हणते, तू आता..."

"येतो," मॅनेजर म्हणाला.

"पुरतं ऐकून तरी घे."

"ऐकतो. पण येतो."

"गल्ला पोरीकडेच राहील. तिचा हिशोब तुझ्यापेक्षा बरा आहे. तू गल्ल्याच्या बाहेर उभा राहायचं, लोकांच्यात. आणि खिडकीकडे तोंड करून बोलायचं, मला हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

म्हणजे पद गेलं. खुर्चीही गेली. बावीस वर्षं बसून काढलेल्या माणसाला आता उभं राहायचं होतं, तेही दुखऱ्या गुडघ्यावर. याहून मोठी बढती त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. शहरातला कारभार एकूण त्रेपन्न दिवसांत आटोपला होता, सल्लागाराला ते कसं सांगायचं याची चार वाक्यं त्याच्या जिभेवर तयारही झाली.

पण ताईचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मी त्यांच्या घरी जाणार आहे," ती म्हणाली. "जाऊन काय बोलू ते कळत नाही. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही."

मॅनेजरकडे अशा वेळी बोलायची निदान सहा वाक्यं होती. त्यानं तोंड उघडलं. मग ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"हे गेले, तेव्हा पंधराव्या दिवशी मी कढईपुढे उभी राहिले," ताई म्हणाली. "तुला आठवत नसेल. बाहेर ही रांग होती. सगळ्यांना वाटत होतं, बाई खंबीर आहे. मला घरी रडता येत नव्हतं, पोरगी लहान, ती घाबरायची. तू बाहेर बडबडत होतास. कसलं तरी छत्रीचं सांगत होतास, सगळे हसत होते. त्या आवाजात मी रडून घेतलं. रोज. दोन महिने तरी. कुणाला ऐकू गेलं नाही."

त्यालाही गेलं नव्हतं. पाच हातांवर ती खिडकी होती. छत्रीचा तो किस्सा त्याला शब्दन् शब्द आठवत होता, कोण कुठे हसलं तेसुद्धा आठवत होतं. बहीण रडत होती, हे मात्र त्याला आज, नऊ वर्षांनी, दुसऱ्या शहरात कळत होतं. तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"सांग," तो म्हणाला. "पुढे सांग."

ताई सांगायला लागली. आधी अडखळत, मग सलग. मेहुण्यांच्या शेवटच्या दिवसांचं, पोरीच्या शाळेचं, दुखणाऱ्या मनगटाचं, कुणालाच कधी न सांगितलेलं. मॅनेजर एका शब्दानं मध्ये बोलला नाही.

दार ढकलून एक माणूस आत आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात फोन, भलत्याच घाईत. त्यानं काउंटरवर टकटक केलं. "ऑर्डर घेता का?"

मॅनेजरनं मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "आमची ताई बोलतेय."